पी५३ : बनवायचं आणि लगेच मोडायचं, कशासाठी?
पी५३ हे प्रथिन पेशीत सतत तयार होतं आणि एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला लगेच नाशाच्या वाटेला लावतं. ही उधळपट्टी वाटेल, पण यातच तत्परता आहे. डीएनए तुटला की हा नाश थांबतो, साठा झपाट्याने वाढतो. पी५३चे चार रेणू मिळून डीएनएला चिकटतात, पी२१ या प्रथिनाचं जनुक चालू करतात आणि त्यामुळे पेशीविभाजन थांबतं. मग एमडीएम२ला शत्रू मानायचं का? नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एमडीएम२ नसलेले उंदरांचे गर्भ दगावले. पी५३ही काढल्यावर मात्र जगले. शिवाय एमडीएम२चं जनुक पी५३च चालू करतं, म्हणजे स्वतःला लगामही तेच घालतं. पी५३ किती मोलाचं आहे, ते यावरून कळतं: माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी५३चं जनुक बिघडलेलं आढळतं.