हिरडीखालचं हाड

माणदेशातल्या पुष्कळ घरांत दात घासायचं काम अजूनही मशेरीच करते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी उठल्याउठल्या बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. दुपारी रानात आणि रात्री निजण्याआधी तीच डबी पुन्हा उघडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या लाखभर खेडुतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात शंभरातल्या सुमारे ३९ बायका मशेरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्काही नव्हतं. शोध तोंडाच्या कॅन्सरचा चालला होता. पण तंबाखू हिरडीवर रोज घासली जाते तेव्हा आणखी एक नुकसान होत राहतं, आणि ते बहुधा दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी दाखवायला जात नाही. हिरडी दात सोडत जाते, खालचं हाड झिजतं, दात हलू लागतात. मग ‘पायरिया झालाय, काढून टाका’ हा सल्ला मिळतो आणि पन्नाशीच्या आतच तोंडात कवळी येते.

ही घसरण थांबवता येते. एवढंच नाही, काही ठिकाणी गेलेलं हाड परत आणताही येतं. दात काढायला निघालेल्या माणसाला हे आधी कळायला हवं.

दाताची मुळी हाडाला थेट चिकटलेली नसते. दोघांच्या मध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तंतूंचं एक टोक मुळीवरच्या पातळ कवचात रुतलेलं, दुसरं हाडात. भाकरीचा कडक पापुद्रा चावताना बसणारा दाब हा थर झेलतो. दातावर कीटण साचलं की त्यातल्या जिवाणूंमुळे हिरडी सुजते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की जिवाणूंशी चाललेल्या झुंजीत शरीर स्वतःचेच तंतू आणि हाड गमावतं. मधुमेह असेल तर हे लवकर होतं. तंबाखूने हिरडीची रोगाशी लढण्याची आणि भरून येण्याची ताकद कमी होते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असताना बाहेर सगळं ठीक दिसतं.

दातांचे डॉक्टर एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत अलगद सरकवतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते. सहा-सात मिलिमीटर गेली तर तिथे खोल कप्पा झाला आहे असं समजायचं. पहिला उपाय म्हणजे दात आणि मुळ्या खरवडून साफ करणं. इथेच आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलाय, की ‘दात साफ केले की ते हलतात.’ हाड आधीच गेलेलं असतं. कीटणाच्या थराने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात आणि सुजलेली हिरडी फटी झाकत असते. साफसफाईनंतर सूज उतरते, फटी दिसतात आणि दोष साफसफाईच्या माथी जातो. या एका समजुतीमुळे किती दात गेले असतील याची कल्पनाही करवत नाही.

सफाईनंतर हिरडी पुन्हा आवळते, पण गेलेलं हाड सहसा आपणहून येत नाही. असं का, याचं उत्तर ए. एच. मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडलं. साफ केलेल्या मुळीभोवतीच्या जखमेत चार ठिकाणच्या पेशी शिरू पाहतात: हिरडीच्या वरच्या त्वचेच्या, त्याखालच्या मांसल भागाच्या, हाडाच्या आणि त्या पातळ तंतुथराच्या. मुळीला जी पेशी आधी भिडते, तीच जखम कशी भरायची ते ठरवते. त्वचेच्या पेशी सगळ्यांत वेगवान. त्या मुळीलगत खाली उतरतात आणि कप्पा वरवर मिटतो. आत हाड नाही, तंतूही नाहीत. हाडाच्या पेशी आधी पोचल्या तर हाड मुळीलाच चिकटून बसण्याची आणि मुळी झिजण्याची भीती. दात पुन्हा पूर्वीसारखा धरून ठेवायचा तर तंतुथरातल्या संथ पेशींना वेळ मिळायला हवा.

तो वेळ स्वीडनमधल्या स्टुरे नायमन आणि सहकाऱ्यांनी मिळवून दिला. १९८२ मध्ये त्यांनी माणसाच्या दातावर शस्त्रक्रिया करताना हिरडी आणि मुळी यांच्यामध्ये एक सूक्ष्म छिद्रांचा पडदा ठेवला. त्वचेच्या पेशी पडद्याबाहेर अडल्या. तीन महिन्यांनी तो दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मुळीवर नवं कवच आणि त्यात रुतलेले नवे तंतू दिसले. आजचे बहुतेक पडदे कोलॅजेनचे असतात आणि कालांतराने शरीरातच विरून जातात.

पडद्याखालची पोकळी भरायला हाडाची भुकटी वापरतात. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं की हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले तर उरलेल्या भागातली प्रथिनं शरीराला नवं हाड घडवायला लावतात, अगदी स्नायूत ठेवली तरी. अशी मानवी हाडाची भुकटी आपल्या मुंबईतच तयार झाली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊती पेढी सुरू झाली. तिथे दान मिळालेलं हाड थंडाव्यात सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, आणि देशातल्या अनेक दंत महाविद्यालयांनी ते हिरड्यांच्या शस्त्रक्रियांत वापरलं आहे. बाजारात गाईच्या हाडापासून केलेली भुकटीही मिळते, आणि डुकराच्या दाताच्या कोंबांपासून काढलेलं प्रथिनांचं जेलही. आपल्या तोंडात नेमकं काय ठेवणार, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे आणि डॉक्टरांनी ते न विचारताही सांगायला हवं.

आणखी एक वाट फ्रान्समधल्या जोसेफ शुकरुन यांनी २००१ मध्ये खुली केली. तीत रुग्णाचंच रक्त वापरतात. दंडातून दहा मिलिलिटरच्या आसपास रक्त घ्यायचं, त्यात कोणतंही औषध न घालता नळी लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवायची. तळाला तांबड्या पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मध्ये फिकट पिवळी, लवचिक गाठ तयार होते. ती हलकेच दाबली की पातळ पापुद्रा होतो. त्यातल्या रक्तबिंबिका (प्लेटलेट) जखम भरून आणणारी द्रव्यं काही दिवस सोडत राहतात. हिरडी उघडून, सडकं मांस खरवडून, मुळी गुळगुळीत केली की हा पापुद्रा एकटा किंवा भुकटीत मिसळून खड्ड्यात ठेवतात आणि टाके घालतात. गेल्या दीड दशकात भारतातल्या दंत महाविद्यालयांत यावर बरंच काम झालं आहे.

मात्र हाड कुठे येतं आणि कुठे येत नाही, हे खड्ड्याच्या आकारावर ठरतं. माणच्या शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत: तीन बाजूंनी ताल घातलेल्या तुकड्यात माती ठरते, उघड्या उतारावरची पहिल्या पावसात जाते. मुळीभोवती तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शाबूत असलेला अरुंद, खोल खड्डा भरायला सगळ्यांत सोपा. अशा जागी तंतूंची पकड सरासरी तीनेक मिलिमीटरने परत मिळते, आणि त्यावर दात पुढे बरीच वर्षं टिकू शकतो. हाड सगळीकडून सारखं खाली गेलं असेल तर आजचं कोणतंही तंत्र ते खात्रीने पुन्हा उंच करू शकत नाही. त्या रुग्णाला ‘हाड नव्याने आणून देतो’ असं आश्वासन देणं चुकीचं आहे. तंबाखू चालू असताना ही शस्त्रक्रिया करण्यातही अर्थ नाही. टाक्यांखालची जखम नीट भरत नाही आणि पैसे वाया जातात.

म्हसवड, दहिवडी, आटपाडीच्या माणसाला यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कराड आणि सांगलीच्या दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या आजारांचे स्वतंत्र विभाग आहेत. दात हलत असेल तर तो काढून टाकण्याआधी तिथे एकदा दाखवा. कप्पा किती खोल आहे ते मोजून घ्या, एक्स-रेवर हाडाचा खड्डा कसा आहे ते विचारा, साखर तपासा. आणि मशेरीची डबी आजच बंद करा. ती चालू असेल तर वर सांगितलेल्यातलं काहीही फारसं उपयोगी पडणार नाही.