धान निघाल्यानंतरच्या रात्री

वैनगंगा ही मूळची दक्षिणवाहिनी नदी. परंतु चामोर्शी तालुक्यात मार्कंडा या गावाशी येताच ती अवचित वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, आणि नदीने अशी दिशा बदललेले स्थान पवित्र मानण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट असल्यामुळे त्या काठावर एकामागून एक शिवालये उभी राहिली. १८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅमने ती पाहिली व पुरातत्त्व खात्याच्या अहवालात त्यांचे वर्णन केले. परंतु महाशिवरात्रीच्या जत्रेला येणारा यात्रेकरू काही कनिंगहॅम वाचून येत नाही. तो येतो तो कोवळ्या मार्कंडेयासाठी साक्षात यमाला परतवून लावणाऱ्या देवाच्या पायांशी; आणि दर्शन आटोपल्यावर प्रदक्षिणा घालताना त्याच देवाच्या बाह्य भिंतींवर कोरलेल्या अप्सरा व प्रणयी युगुले यांच्याकडेही तो यत्किंचित संकोच न करता पाहून घेतो. देव आणि प्रणय एकाच भिंतीवर नांदविण्याची ही रीत ज्या मुलखाने एवढ्या सहजपणे पत्करली, त्याच मुलखात, आरंभी नांदी आणि मागून रात्रभर प्रेमकथा, असा नाटकाचा शिरस्ता अद्याप टिकून आहे, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील जंगलांच्या व तलावांच्या प्रदेशास हे नाव आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला. परंतु सरकारी दप्तरात हद्दी कितीही बदलल्या तरी झाडीची हद्द ठरते ती धानाने. जेथवर बांधीत पाणी साचते आणि रोवणा होतो, तेथवर झाडी. आणि जेथवर झाडी, तेथवर नाटक. या रंगभूमीचे मूळ शोधणारे अभ्यासक दंडार, खडी गंमत, गोंधळ, कीर्तन अशा लोकरूपांकडे बोट दाखवितात, आणि ते योग्यच आहे. दिवाळीच्या सुमारास गावोगाव दंडारी निघत, पुरुषच स्त्रीवेश घेऊन नाचत-गात, आणि पुढे किर्लोस्करी वळणाच्या संगीत नाटकाचा वारा नागपुरामार्गे या बाजूला पोहोचला तेव्हा गाण्यावाचून नाटक असते ही कल्पनाच येथील प्रेक्षकाला नसल्यामुळे ते नाटक त्याला परके वाटले नाही.

हंगाम सुरू होतो तो भाऊबीजेनंतर. हलका धान तोवर घरात आलेला असतो, भारी धानाची कापणी-मळणी पुढे उरकत जाते, हातात थोडी रोकड खुळखुळू लागते, आणि गावोगाव मंडईची हाक उठते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. दिवसा बाजार, पाळणे, दंडार, आणि ज्या गावात शंकरपट भरतो तेथे बैलजोड्यांची दौड, व रात्री नाटक. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, दूरचे सोयरे बंड्यांनी आणि आता मोटारसायकलींनी येतात, आणि घरात पाहुणे भरले की उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघाल्यावाचून राहत नाहीत. रंगमंचावर एक लग्न मोडत असताना प्रेक्षकांत दुसरे जुळत असते, असे झाडीत गमतीने म्हणावे तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा अनेक गावांचा दिवसाचा कार्यक्रम बंद पडला. २०२१ च्या अखेरीस न्यायालयाने अंतरिम परवानगी देईपर्यंतची मधली वर्षे या गावांनी बव्हंशी नाटकाच्या बळावर काढली, आणि २०२३ साली घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला.

व्यवहाराची पद्धत पाहण्याजोगी आहे. पूर्वी गावातलीच हौशी मंडळी तालीम करून नाटक बसवीत, मालगुजार व गावची प्रतिष्ठित माणसे खर्चाला हातभार लावीत, आणि स्त्रीपात्रासाठी बाहेरून नटी आणावी लागली तर ती एक मोठी घटना मानली जाई. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. तो जुना आश्रय आटला, आणि त्याची जागा हळूहळू व्यावसायिक मंडळांनी घेतली. आज या धंद्याची राजधानी म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गोंदियाहून चंद्रपूर-बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावात नाट्यमंडळांची कार्यालये एकाला एक लागून आहेत. भिंतीवर नटनट्यांच्या छायाचित्रांचे रंगीत फलक, आत एक मेज, आणि मेजावर तारखांची वही. गावचे मंडळ येते, नाटक निवडते, तारीख बांधते, इसार देते. रंगमंच, पडदे, दिवे, ध्वनिवर्धक, वाद्यवृंद आणि नटसंच घेऊन कंपनी ठरल्या दिवशी ट्रकने गावात दाखल होते. तिकिटे खपविण्याची जोखीम मात्र गावाची. उरलेला नफा देवळाच्या सभामंडपाला, शाळेला किंवा तत्सम सार्वजनिक कामाला लागतो, आणि तोटा आला तर तो मंडळाच्या सभासदांनी आपसात वाटून घ्यायचा असतो. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, प्रेक्षकाने खिशातून काढलेल्या पैशावर, पन्नासाच्या आसपास मंडळ्या दरवर्षी चार-पाच महिने चालविणारी दुसरी ग्रामीण रंगभूमी महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही.

तंत्राच्या बाबतीत या रंगभूमीचा खरा आधारस्तंभ प्रेक्षकाला कधी दिसतच नाही. हंगाम तोंडावर आलेला, नाटक नवे, तालमी एकदोनच झालेल्या, आणि नट आज एका मंडळात तर उद्या दुसऱ्या. अशा स्थितीत विंगेत वही उघडून बसलेला प्रॉम्प्टर हाच प्रयोगाचा कर्ता-करविता. तो संपूर्ण वाक्य सांगत नाही. वाक्याची पहिली दोन अक्षरे तो पुढे ढकलतो, कसलेला नट ती उचलून उरलेले वाक्य स्वतःच्या पदरचे घालून पुरे करतो, आणि नवशिका गोंधळला तर प्रॉम्प्टर आवाज चढवितो, इतका की पहिल्या रांगेतल्या माणसाला ते वाक्य दोनदा ऐकू येते. परंतु त्याचे त्याला काही वाटत नाही. गाणे सुरू झाले की प्रॉम्प्टर पान उलटून घोटभर चहा घेतो, कारण तेवढ्यापुरती सूत्रे रंगमंचासमोर खाली बसलेल्या साथीदारांकडे गेलेली असतात. पूर्वी तेथे ऑर्गन आणि तबला असे. आता कीबोर्ड व ऑक्टोपॅड आले आहेत. गाणारा नट बोलताना प्रेक्षकांकडे पाहतो, परंतु गाताना त्याची नजर अधूनमधून खाली त्या साथीकडे वळते, आणि वाजविणारा मानेनेच त्याला कडव्यावर आणून सोडतो.

आता या लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. लोकप्रिय प्रणयकथा वाचावयाची वेगळी आणि गाऊन दाखवावयाची वेगळी. मग मोठी, विस्तीर्ण, शेकडो पानांची प्रेमकथा संगीत नाटकात उतरते ती कशी, आणि तेथे टिकते ती कशाच्या बळावर? मराठीत या प्रयत्नाचे एक ठळक उदाहरण गोविंद बल्लाळ देवलांचे. ‘मृच्छकटिक’ रंगभूमीवर आणल्यानंतर काही वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी ‘संगीत शापसंभ्रम’ रचले, आणि त्यासाठी कथानक घेतले ते बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चे, म्हणजे सातव्या शतकातील हर्षाच्या दरबारातल्या पंडिताने आरंभिलेल्या व त्याच्या पुत्राने पूर्ण केलेल्या गद्य प्रणयकथेचे. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड, गंधर्वकन्या कादंबरी, तिची सखी महाश्वेता आणि महाश्वेतेच्या विरहात प्राण सोडणारा पुंडरीक, अशा दोन जोड्यांची ही कथा. आणि शापामुळे एकाच पात्राला दोन-तीन जन्म घ्यावे लागत असल्याने तिची गुंतागुंत अशी की वाचणाराही मध्येच मागची पाने चाळतो. शिवाय ती सांगितली आहे एका पोपटाने राजा शूद्रकाला, त्या कथेत जाबाली ऋषीने, आणि ऋषीच्या कथेत पुन्हा महाश्वेतेने.

पडदा एकदाच उघडतो. पडद्याच्या आत पडदा आणि त्याच्याही आत पडदा उघडता येत नाही. म्हणून अशी कथा रंगभूमीवर आणणाऱ्यास प्रथम निवेदकांचा हा गोफ उलगडावा लागतो, आणि मग बाणाची पानेच्या पाने चालणारी वर्णने कोठे ठेवावी हा प्रश्न उभा राहतो. देवलांच्या काळच्या नाटकाने त्याला दिलेले उत्तर म्हणजे पद. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत आणि लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली, यांत वर्णन ओतले की जे वाचताना थांबणे वाटते ते ऐकताना पुढे जाणे वाटू लागते. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे होती, आजचा शहरी प्रेक्षक त्या संख्येला हसतो, परंतु त्यांतील कित्येक पदे ही दृश्यांची, वाटांची, ऋतूंची जागा भरून काढणारी होती, हे तो विसरतो.

आणि ‘कादंबरी’च्या बाबतीत तर संगीत बाहेरून आणून चिकटवावे लागतच नाही. मृगयेच्या नादात वाट चुकलेला चंद्रापीड अच्छोद सरोवराच्या काठी येतो, वीणेचे स्वर ऐकतो, स्वरांच्या मागोमाग जातो आणि शिवाच्या देवालयात एकटीच गात बसलेली महाश्वेता त्याला दिसते. संपूर्ण कथेचे दार उघडते ते या गाण्याने. पाण्याकाठचे शिवालय आणि त्यात चाललेले गायन! मार्कंड्याच्या यात्रेकरूला हे दृश्य समजावून सांगण्यासाठी नेपथ्यकाराला फारसे कष्ट पडू नयेत.

तरीही ‘शापसंभ्रमा’ला ‘सौभद्रा’चे किंवा देवलांच्याच ‘शारदे’चे आयुष्य लाभले नाही. याची कारणे नाट्यविमर्शकांनी कथेच्या दुर्बोधतेत शोधावीत. माझे मत थोडे निराळे आहे. प्रणयकथेला सर्वांत अधिक लागतो तो वेळ. प्रेम जुळावयास वेळ, वियोग सोसावयास वेळ, आणि मध्ये प्रेक्षकाने डोळे पुसून पुन्हा सावरून बसावे यासाठीही वेळ. रात्रभर चालणारी नाटके शहरांत होती तोवर हा वेळ होता. १९३० नंतर बोलपट आला, १९३३ साली नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’ आटोपशीरपणाचा आदर्श घेऊन उभे राहिले, दुसऱ्या दिवशीची कचेरी व गिरणीचा भोंगा प्रेक्षकाच्या मानगुटीवर बसला, आणि शहरातल्या नाटकाची रात्र अडीच-तीन तासांत आवरू लागली. त्यात पदे गेली, पदांबरोबर पसरट प्रेमकथाही गेली. झाडीतल्या शेतकऱ्याला मात्र धान घरात आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच कोठे रुजू व्हावयाचे नसते. म्हणून येथे रात्री दहा-साडेदहाला उठणारा पडदा पहाटेपर्यंत पडत नाही, आणि म्हणूनच दोन पिढ्यांचे वैर, हरवलेला भाऊ, चुकीच्या संशयावरून दूर लोटलेली प्रेयसी, असा कादंबरीला शोभावा एवढा ऐवज एका प्रयोगात मावतो.

या ऐवजाची मांडणी प्रेक्षकाने ठरविलेली आहे असे म्हणावयास हरकत नाही. अर्धी रात्र उलटली की जेथे झोप येण्याचा संभव, तेथे विनोदी नटाचा प्रवेश. करुण प्रवेशानंतर लावणी. आणि नायक-नायिकेचे द्वंद्वगीत असे की त्याला ‘वन्स मोअर’ मिळालाच पाहिजे. या विनोदी भूमिकांनी एक नाव तर दिल्लीपर्यंत पोहोचविले. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात, आणि व्यवसायाने ते शेतकरी. ही शेवटची बाब मला पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण नट, वादक, पडदे ओढणारे, या सर्वांचे वर्ष असेच दुभंगलेले आहे, पावसाळा बांधीत आणि हिवाळा रंगमंचावर. करोनाच्या काळात हंगाम बुडाला तेव्हा यांपैकी ज्यांच्यापाशी शेती नव्हती त्यांचे फार हाल झाले.

दोषही सांगितले पाहिजेत. लावणीचे प्रमाण अलीकडे वाढले आहे आणि तिचा कथेशी संबंध उरलेला नाही; मुंबईच्या मालिकांतले चेहरे फलकावर मिरविण्याच्या नादात मोठी रक्कम एका माणसावर खर्ची पडते व गाणाऱ्या स्थानिक नटाची किंमत उतरते; ध्वनिवर्धक असा लावतात की हळुवार प्रवेशही किंकाळीसारखा ऐकू येतो. यापेक्षाही गंभीर गोष्ट ही की बहुतेक संहिता प्रॉम्प्टरच्या वहीबाहेर जात नाहीत. वही जीर्ण झाली की नाटक संपले. झाडीबोलीचे कोश व व्याकरण यांसाठी हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकांनी आयुष्य वेचले. नाटकांच्या वह्यांना असा वाली मिळालेला नाही, आणि २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावे, इतके ते त्याच्या दाराशी आहे.

वडशाच्या एखाद्या मंडळाने ‘शापसंभ्रम’ हाती घ्यावे अशी माझी इच्छा आहे. काय होईल याची कल्पना करता येते. चंद्रापीडाच्या घोड्याऐवजी फटफटी येईल, महाश्वेतेच्या वीणेला कीबोर्डची साथ मिळेल, कादंबरीच्या अंतःपुरात एक लावणी घुसेल, आणि पुंडरीकाच्या मृत्यूनंतर लगेच एक धांदरट नोकर येऊन प्रेक्षकांना हसवून जाईल. जन्मजन्मांतरीचा घोटाळा प्रेक्षकांना मुळीच अवघड जाणार नाही. याहून अवघड नातीगोती ते दर हंगामात पहाटेपर्यंत ध्यानात ठेवतात. फक्त कथा सांगणारा तो पोपट झाडीबोलीत बोलला पाहिजे, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ म्हणत. शूद्रकाच्या सभेत तो पुणेरी मराठी बोलू लागला, तर मागच्या बिछायतीवरून पहिल्याच वाक्याला शिटी आल्यावाचून राहणार नाही.