काकडीचे औषध आणि फवारणाऱ्याचा जीव

आपले अनेक बंधू-भगिनी हरितगृहात रोजंदारीवर काकडीला औषध मारतात. त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

पानावर पिठासारखी पांढरी पूड दिसली तर ती भुरी. वर पिवळे कोनाकृती डाग व पानाखाली करडी बुरशी असेल तर केवडा. केवडा ओल्या पानावर वाढतो. म्हणून हवा खेळती ठेवावी, पाणी ठिबकने मुळाशी द्यावे, रोगट पाने तोडून नष्ट करावीत. मँकोझेब रोगाआधी फवारले तरच उपयोगी पडते. एकच आंतरप्रवाही औषध वारंवार मारले, तर बुरशी त्याला दाद देत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. बुरशीनाशक वेगळे असले, तरी बंद हरितगृहात फवारा कोंडतो. डब्यावरचा त्रिकोण पाहा : लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे! हातमोजे, मास्क व पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाकडे मागा. ती भीक नव्हे, हक्क आहे. फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस उलटल्याशिवाय काकडी तोडू नका.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. घरातल्या शिकलेल्या मुलीने आज बापाला डब्यावरचे लेबल वाचून दाखवावे, एवढेच आमचे मागणे.