चारदीवारीचे नकाशे आणि तटावरचे घर

सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या जयपूर नगरीचा जो भाग तटबंदीच्या आत आहे, त्याला तेथील लोक चारदीवारी म्हणतात. २०१९ साली युनेस्कोने तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. नोंदलेले क्षेत्र ७१० हेक्टर, आणि त्याच्या रक्षणासाठी भोवती राखलेला पट्टा २२०५ हेक्टर. आकडे चोख आहेत. परंतु तटाला पाठ टेकून उभ्या असलेल्या घराचा मालक जर विचारू लागला, “माझे घर आत की बाहेर?”, तर हेक्टरांच्या आकड्यांतून त्याला उत्तर मिळत नाही. आणि त्याला तर घरावर मजला चढवावयाचा असतो! हा प्रश्न आज संगणकावरील नकाशाला विचारतात, आणि तो क्षणार्धात उत्तर देतो. ते उत्तर कशावर उभे असते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

संगणकावरील नकाशा म्हणजे थरांची चळत होय. पूर्वी नगररचनेच्या कचेऱ्यांतून ट्रेसिंगच्या कागदावर रस्ते एकीकडे, घरे दुसरीकडे, गटारे तिसरीकडे काढीत, आणि कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरीत. संगणक तेच करतो, पण डोळ्यांनी नव्हे, आकड्यांनी. एक घर म्हणजे त्याच्या कोपऱ्यांच्या स्थानांची यादी. थरांवर करावयाच्या क्रियाही मोजक्या, आणि शाळेत संच शिकलेल्यांना ओळखीच्या: दोन थरांना समाईक असलेला भाग म्हणजे छेद, दोहोंचे मिळून क्षेत्र म्हणजे संयोग, एकातून दुसरा कापून टाकणे म्हणजे वजाबाकी. याशिवाय एखाद्या वस्तूभोवती ठराविक अंतराचा पट्टा आखणे.

या शेवटच्या क्रियेतच पहिला खड्डा आहे. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण, असा कायदा आहे. आता स्मारकाचा थर जर अक्षांश-रेखांशांत नोंदलेला असेल, तर कित्येक आज्ञावल्या “१००” या आकड्याचा अर्थ १०० अंश असा घेतात, आणि पट्टा अर्ध्या आशियावर पसरतो! ही चूक निदान दिसते तरी. मीटरांचे अंश करून जो पट्टा काढतो, त्याची चूक दिसतही नाही. जयपूरच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा, तर पूर्व-पश्चिम सुमारे ९९ किलोमीटरांचाच. तेव्हा वर्तुळाऐवजी लंबगोल निघतो आणि पूर्व-पश्चिमेकडची काही घरे पट्ट्याबाहेर राहून जातात. म्हणून पहिला नियम असा की, सर्व थर आधी मीटरांत मोजणाऱ्या एकाच प्रक्षेपणात आणावेत. पट्टे, छेद वगैरे सारे त्यानंतर.

आता सीमेची रेष. जयसिंहाच्या दरबारातील जगन्नाथ पंडितांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. ‘रेखागणित’ हा तो ग्रंथ. युक्लिडची रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी. जयसिंहाच्या तटाला मात्र चांगली जाडी आहे! मग नकाशातील रेष तटाच्या बाहेरच्या अंगाने काढावयाची, आतल्या अंगाने की मधोमध? हे संगणक ठरवीत नाही. ते माणसाने ठरवून लिहून ठेवावे लागते.

रेष ठरली तरी “आत” या शब्दाचा अर्थ उरतोच. संगणक प्रत्येक आकृतीचे तीन भाग मानतो: अंतर्भाग, कड आणि बाहेर. दोन आकृत्यांचे हे तीन-तीन भाग एकमेकांशी ताडले की नऊ जोड्या होतात, आणि त्यांवरून नाते ठरते. (जयपूरची आखणीही नऊ चौकांच्या कल्पनेवरची मानतात, हा निव्वळ योगायोग.) “पूर्ण आत असलेली घरे द्या” म्हटले, तर रेषेने थोडेसे कापलेले घरही गळते. “सीमेला मिळणारी घरे द्या” म्हटले, तर बाहेरून नुसते टेकलेलेही येते. “ज्यांचा मध्यबिंदू आत आहे ती द्या” म्हटले, तर आणखी तिसरीच यादी. तिन्ही उत्तरे गणिताने बिनचूक. मला स्वतःला वाटते, मजल्याच्या परवानगीसारख्या प्रश्नाला मध्यबिंदूचा नियम लावणे अन्यायाचे आहे. घर कापले जात असेल तर ते वेगळ्या यादीत काढून जागेवर जाऊन पाहावे.

छेद घेताना आणखी एक गोष्ट बिघडते. समजा, एका हवेलीत चार कुटुंबे राहतात आणि हवेली दोन प्रभागांच्या रेषेवर आहे. छेद घेतला की तिचे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत “कुटुंबे ४” तसेच राहते. बेरीज आठ! क्षेत्रफळ तुकड्यांबरोबर नव्याने मोजता येते, माणसे तशी वाटता येत नाहीत. तेव्हा कोणता रकाना वाटावयाचा आणि कोणता अख्खा एकाकडे ठेवावयाचा, हे क्रियेपूर्वीच सांगावे लागते. तसेच एकाच तटाची दोन मोजण्यांतील रेष वीतभर जरी हलली, तरी मध्ये केसाएवढ्या चिरफळ्या तयार होतात आणि त्यांचीही जमीन म्हणून गणना होते. किती फरक क्षम्य मानावा, हाही नियमच.

चांदपोल ते बडी चौपड हा मेट्रोचा भुयारी मार्ग २०२० साली सुरू झाला. सपाट नकाशात तो त्रिपोलिया बाजाराला सरळ कापून जातो, आणि छेदाची क्रिया त्यावरची दुकाने बाधित म्हणून यादीत घालते. प्रत्यक्षात गाडी त्यांच्या पायाखालून जाते. भुयाराच्या थराला खोलीचा रकाना दिला, तरच ती यादी दुकानदारांपुढे ठेवण्याजोगी होते.