हॉलमध्येच डायनिंग : समज काय, माप काय

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ‘लिव्हिंग-डायनिंग’ म्हणून जी खोली मिळते, ती बऱ्याचदा १० फूट रुंद आणि १८ फूट लांब असते. एका टोकाला बाल्कनी, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, मधूनच कुठून तरी बेडरूमकडे जाणारा पॅसेज. ही खोली सजवायची म्हणजे आधी सोफा पसंत करायचा, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर आधी ठरवायला हवी ती चालायची वाट, कारण या खोलीतून घरातला प्रत्येक माणूस दिवसभर ये-जा करणार असतो.

हिशेब साधा आहे. सोफ्याची खोली ३ फूट, समोरचं टीव्ही युनिट दीड फूट. १० फुटांतले साडेपाच उरले. त्यात २ फुटांचा सेंटर टेबल आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी दीड फूट सोडलं, की चालायला राहतात जेमतेम २ फूट. हातात चहाचा ट्रे घेऊन निर्धास्त जायचं तर ३ फूट हवेत. म्हणजे अशा हॉलमध्ये सेंटर टेबल ही चैन आहे. सोफ्याच्या हाताशी एक छोटं स्टूल पुरतं. आणि हे १० फूट बिल्डरच्या पुस्तिकेतले धरू नका, स्वतः टेप लावा. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, आणि भिंतीत काही सोफा ठेवता येत नाही.

दुसरा समज पार्टिशनचा. बैठक वेगळी आणि जेवणाची जागा वेगळी दिसावी म्हणून मध्ये नक्षीदार जाळी उभी करायची फॅशन आहे. पण अशा हॉलला उजेड बहुधा एकाच बाजूने, बाल्कनीतून येतो. जाळीमुळे तो अडतो आणि डायनिंगला भर दुपारी ट्यूब लावावी लागते, वाराही अडतो. शिवाय रोजच्या फोडणीचा तेलकट धूर त्या नक्षीच्या भोकाभोकांत बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि ती पुसायचं काम जाळी डिझाइन करणाऱ्याकडे नसतं. वेगळेपण दाखवायला इतर साधनं आहेत. एल आकाराच्या सोफ्याची आखूड बाजू डायनिंगकडे पाठ करून ठेवली, की सीमा आपोआप ठरते. ही बाजू साडेपाच फूट असली तरी तिच्यापुढे साडेचार फूट वाट राहते. भिंतीचा रंग बदलायचा असेल तर तो बीमपाशी किंवा कोपऱ्यात बदलावा. सपाट भिंतीच्या मध्येच तोडलेला रंग अर्धवट राहिल्यासारखा वाटतो.

टेबलाबद्दल तर गैरसमजांची रांगच आहे. पाहुणे येतात म्हणून सहा जणांचंच हवं, हा त्यातला पहिला. दुकानात ५ फूट लांब टेबलही ‘सिक्स सीटर’ म्हणून विकलं जातं. एका बाजूला तिघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० इंच येतात, आणि मोकळेपणी जेवायला माणशी २४ इंच लागतात. उरलेल्या ४ इंचांत शेजाऱ्याचं कोपर असतं.

रुंदीकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि आपल्या जेवणाला तीच महत्त्वाची. चार जणांचं नेहमीचं टेबल अडीच फूट, म्हणजे ३० इंच रुंद असतं. समोरासमोर १२-१२ इंचांची दोन ताटं मांडली, की मध्ये उरतात ६ इंच. त्यात भाताचं पातेलं, आमटी, पोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या बसवून दाखवा! परदेशी मासिकांतल्या फोटोंत हे टेबल ऐसपैस दिसतं, कारण तिथे वाढायची भांडी टेबलावर नसतात. आपल्याकडे एक तर ३ फूट रुंदी घ्यावी, नाहीतर भांड्यांसाठी बाजूला अरुंद फळी करून घ्यावी.

टेबल मोकळ्या जागेत मधोमधच हवं, हाही हट्टच. खुर्ची मागे ओढून उठायला ३ फूट लागतात. दोन्ही बाजूंना खुर्च्या ठेवल्या तर ३ अधिक अडीच अधिक ३, असे साडेआठ फूट तिथेच संपले. जायला दीड फूट. त्याऐवजी एका बाजूला भिंतीलगत सव्वा फुटाचा बाक ठेवला, तर सगळं मिळून पावणेसात फुटांत भागतं आणि वाट सव्वातीन फुटांची होते. बाकाच्या पोटात जास्तीच्या चादरी जातात, ते वेगळंच.

आता दिवे. फॉल्स सीलिंगमध्ये जितके जास्त दिवे तितका हॉल सुंदर, असं सांगणारे भेटतात. आपल्या हॉलमध्ये पंखा असतो, हे ते विसरतात. नेहमीच्या पंख्याचा घेर ४ फूट. त्या घेराच्या वर दिवा आला, की पात्यांची सावली ताटात गरगर फिरते आणि जेवता जेवता डोळे शिणतात. दिव्याच्या पॉइंटची खूण पंख्याच्या मध्यापासून २ फुटांच्या चांगली बाहेर करावी, आणि तीही पीओपीच्या आधी. नंतर वायरमन आला तर छत फोडायलाच येतो. बल्ब जेवणावर २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा घ्यावा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली वरणही फिकं दिसतं.

टेबलावर लटकता दिवा हवाच का? तो टेबलापासून ३० ते ३६ इंच वर टांगतात आणि टेबलाची उंची साधारण ३० इंच. म्हणजे दिव्याचा तळ जमिनीपासून ५ ते साडेपाच फुटांवर. खाली टेबल आहे तोवर ठीक. पण गणपतीत मखरासाठी किंवा पंगतीसाठी टेबल बाजूला सरकवलं, की पहिल्याच आरतीला कुणाच्या तरी कपाळावर टेंगूळ येणार. ज्यांच्याकडे टेबल असं हलतं, त्यांनी दिवा भिंतीवर घ्यावा, नाहीतर त्याची वायर गुंडाळून वर अडकवायला छताला एक हूक ठोकून घ्यावा.