परावलंबी प्रोग्रामांची कैफियत
संगणकावरील कोणताही प्रोग्राम आपली सर्व कामे स्वतः करीत नाही. फाईल उघडणे, मेमरी मागून घेणे, अशा नित्यकर्मांसाठी तो सहसा सामायिक लायब्ऱ्यांवर विसंबतो, आणि त्या लायब्ऱ्या अमुक आवृत्तीच्या तरी असाव्यात ही त्याची पूर्वअट असते. लिनक्सच्या जगात ही अट विशेष जाचक ठरते. कारण डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट या सर्व वितरणांचा कर्नल एकाच कुळातला असला, तरी त्याभोवती कोणत्या लायब्ऱ्या ठेवायच्या आणि त्या किती नव्या असाव्यात, याचा निर्णय ज्याचे ते वितरण करते.

या साऱ्यांत मूलभूत लायब्ररी म्हणजे जीलिबसी. तिच्यातील प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची मोहोर असते, आणि नवी आवृत्ती निघाली तरी जुन्या मोहोरा सहसा रद्द होत नाहीत; त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या वितरणावर बहुधा सुखाने चालतो, परंतु नव्या वितरणावर बांधलेल्या प्रोग्रामाला जुन्यावर आपली मोहोर सापडत नाही आणि तो आरंभीच थांबतो. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५, मधल्या २.३४ या आवृत्तीत, २०२१ साली, प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी मोहोर मिळाली, त्यामुळे सी भाषेतला दोन ओळींचा प्रोग्रामसुद्धा २२.०४ वर नेहमीच्या रीतीने बांधून २०.०४ वर नेला, तर चालत नाही.

या नियमाचा प्रत्यय फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेकांना आला. व्हीएस कोड या कोडसंपादकाच्या १.८६ या आवृत्तीने दूरच्या सर्व्हरवर किमान जीलिबसी २.२८ असावी असा दंडक घातला, उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आणि रेड हॅट ७ मध्ये २.१७ असल्यामुळे तेथील सर्व्हरांशी संपर्क तुटला, आणि तक्रारींचा ओघ पाहून निर्मात्यांना वर्षभराची मुदत जाहीर करावी लागली.

अशा गरजा भागविण्याची सोय वितरणे आपल्यापरीने करतात. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली स्थापिलेल्या डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजासोबत त्याच्या गरजांची यादी असते, आणि ती वाचून एपीटी हे साधन हवे ते स्वतः आणून बसविते. पण या व्यवस्थेचा अंमल आपल्याच वितरणाच्या भांडारापुरता चालतो. परक्या वितरणाची जीलिबसी बळेच बसविणे अत्यंत घातक, कारण जवळजवळ सारी यंत्रणा तिच्यावरच उभी असते. फ्लॅटपॅक किंवा कंटेनर हा मार्ग अधिक निर्धोक. त्यात प्रोग्राम आपल्या लायब्ऱ्यांची तरतूद वेगळी करून येतो, मात्र डिस्कवर अधिक जागा लागते आणि त्या लायब्ऱ्यांतील सुरक्षादोष दूर करण्याची जबाबदारी वितरणाकडून सुटून बांधणाऱ्याकडे जाते.

म्हणून ज्याला आपला प्रोग्राम पुष्कळांकडे चालावा असे वाटते, त्याने तो स्वतःच्या अद्ययावत संगणकावर न बांधता, ज्यांची सेवा करायची त्यांतील सर्वांत जुन्या वितरणावर बांधावा, आणि किमान आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख दस्तऐवजात करावा. सुसंगतीचा प्रवाह जुन्याकडून नव्याकडेच वाहत असल्याने, मागे राहिलेल्यांची काळजी घेण्याचे कर्तव्य पुढे गेलेल्यांकडेच येते.