आवाजाचें फिरतें बटण

माझे आजोबा रोज दुपारीं कानाला हेडफोन लावून संगणकावर जुनीं नाट्यगीतें ऐकत बसतात. आवाज कमीजास्त करण्याची वेळ आली, कीं मात्र त्यांची पंचाईत होते. पडद्याच्या कोपऱ्यांतील ती बारीक पट्टी त्यांना नीट दिसत नाहीं, आणि दिसली तरी कापऱ्या हातानें माउस नेमका तेथें थांबविणें साधत नाहीं. "आमच्या रेडिओला कसें मुठींत मावणारें बटण होतें! डोळे मिटूनही फिरवतां येई," असें ते एकदां म्हणाले. तसलें बटण संगणकाला जोडतां येईल काय, या विचारानें मीं जें उपकरण तयार केलें, त्याची रचना वाचकांस सांगतों.

रेडिओच्या जुन्या बटणाच्या पोटांत विजेला अडविणारी एक कमानदार पट्टी असे व तिच्यावरून एक सरकता कांटा फिरे. पट्टीला दोन टोंकें असल्यामुळें बटणही ठराविक मर्यादेंतच वळे, आणि तें जेथें उभें असेल तेवढा आवाज, असा सरळ हिशेब असे. संगणकाचा आवाज मात्र माउसनेंही बदलतो, कळफलकानेंही बदलतो. तेव्हां बटण एका जागीं आणि आवाज भलत्याच जागीं, अशी फारकत व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून येथें टोंक नसलेलें बटण हवें. त्यानें केवळ 'एक पाऊल उजवीकडे' किंवा 'एक पाऊल डावीकडे' एवढेंच सांगावें. हें मला प्रथम उमगलें नव्हतें. रेडिओप्रमाणें दिसावें म्हणून मीं बटणावर हौसेनें पांढरी खूण रंगविली, ती पुढें खरडून काढावी लागली.

अशा बटणाच्या खालीं रोटरी एन्कोडर नांवाचा भाग असतो. त्यांत विजेचे दोन खटके असतात. त्यांस आपण क आणि ख म्हणूं. दांडा उजवीकडे फिरविला, कीं आधीं क मिटतो, मागोमाग ख मिटतो. मग क उघडतो आणि शेवटीं ख उघडतो. डावीकडे फिरविल्यास ख पुढें व क मागें. कोण पुढें आहे यावरून दिशा कळते. एका वेळीं दोहोंपैकीं एकच खटका बदलतो, हीच यांतील मेख. अशा क्रमाला ग्रे-संकेत म्हणतात; अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे फ्रँक ग्रे यांना त्याचें पेटंट १९५३ सालीं मिळालें. माझ्या एन्कोडरच्या एका फेऱ्यांत बोटांना जाणवणारे २० टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यांत वरील चारही बदल उरकतात.

हे बदल वाचण्याचें काम प्रो मायक्रो नांवाचा अंगठ्याएवढा बोर्ड करतो. त्यावरील एटीमेगा ३२यू४ या मायक्रोकंट्रोलरमध्यें यूएसबीची सोय अंगचीच असल्यामुळें संगणक त्याला कळफलकच समजतो. कळफलकावरील आवाज वाढविण्याच्या कळेचा जो संकेत, तोच हा बोर्ड पाठवितो. एन्कोडरच्या तारांना मीं कथिलाचा डाख दिला: दोन तारा बोर्डाच्या २ व ३ या क्रमांकांना, एक दाबकळेची ४ ला, उरलेल्या दोन ग्राउंडला. माझ्या विंडोज संगणकावर एका संकेतानें आवाज १०० पैकीं २ अंशांनीं बदलतो; म्हणजे शून्यापासून पूर्ण आवाजापर्यंत अडीच फेरे. आजोबांना ही गति मानवली.

पण तत्पूर्वीं एक फजिती झाली. पहिला प्रोग्रॅम मीं असा लिहिला, कीं क मिटतांच ख कडे पाहावें. तो उघडा असेल तर उजवी दिशा, मिटलेला असेल तर डावी, आणि लगेच एक पाऊल पाठवावें. चारदोन वेळां फिरवून पाहिलें, ठीक वाटलें. आजोबांनीं मात्र तें सावकाश, थरथरत्या हातानें फिरविलें, आणि एका टप्प्यासरशीं आवाज एकदम चढला. त्यांनीं हेडफोन ओढून काढले व पुढें दोन दिवस त्या डबीला हात लावला नाहीं.

दोष हाताचा नव्हता. धातूचे दोन तुकडे एकमेकांस भिडतांना क्षणभर थडथडतात; सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत खटका अनेकदां मिटतो व उघडतो. हात हळू असला, कीं कांठावर हें अधिकच होतें. आपल्याला तें दिसत नाहीं, पण हा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांच्या गतीनें चालतो. तो प्रत्येक मिटणें वेगळें मोजतो. उंबऱ्यावर घुटमळणारा पाहुणा पांच वेळां आंतबाहेर झाला, आणि दारावरच्या माणसानें केवळ आंत येणें मोजलें, तर त्याच्या वहींत पांच पाहुणे लागतील. बाहेर जाणेंही वजा केलें, तर एकच उरेल.

तोच उपाय मीं केला. दोन खटक्यांच्या मिळून चार स्थिति होतात. मागची स्थिति व आतांची स्थिति यांच्या १६ जोड्या. पैकीं चारांत बदल नाहीं, चार उजवीकडच्या, त्यांस अधिक एक. चार डावीकडच्या, त्यांस उणें एक. उरलेल्या चारांत दोन्ही खटके एकदम बदललेले दिसतात. तसें व्हावयास नको, म्हणून त्या सोडून द्याव्या. बेरीज अधिक चार किंवा उणें चार झाली, तरच एक पाऊल पाठवावें व पुन्हां शून्यापासून आरंभ करावा. थडथडीचें अधिक-उणें आपसांतच फिटतें. कांहीं जण प्रत्येक बदलानंतर थोडा वेळ थांबण्याचा उपाय सांगतात. परंतु त्यानें भरभर फिरवितांना पावलें गळतात, म्हणून मला तो पसंत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आजोबांनीं हेडफोन गळ्यांत ठेवूनच बटण फिरवून पाहिलें, मग कानाला लावले. बटण दाबलें असतां गाणें थांबतें, हें त्यांना विशेष आवडलें, कारण आजीनें हांक मारली कीं त्यांना तें लागतें. मात्र दाबतांना हलकी डबी मेजावरून सरके. तिच्या तळाशीं एक जुनें अडीचशें ग्रॅमचें वजन बसविलें आणि रबराचे चार पाय लाविले, तेव्हां ती स्थिर झाली.